काटेवाले आबांचा ड्रम

आमच्या गल्लीत एक पाटी होती. पोरं शाळेत नेतात तशीच दगडी पाटी, लाकडी चौकटीची. एका घराच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेली असायची आणि तिच्यावर रोज एक आकडा लिहिलेला असायचा. उन्हाळ्यात दुपारी दोनचा, हिवाळ्यात सकाळी आठचा. त्रेचाळीस. साडेचव्वेचाळीस. अकरा. साडेनऊ. आकड्याच्या पुढे मागे काही नाही. लोक सायकलवर एक पाय टेकवून वाचायचे, मान हलवायचे आणि निघून जायचे. जळगावचा उन्हाळा ज्याने अंगावर काढला आहे त्याला सांगायला नको. आपण नक्की किती डिग्रीत भाजून निघतोय हे कळलं, की माणसाला उगीच बरं वाटतं.

पाटी लिहिणारे गृहस्थ माझ्या दुकानाचे घरमालक. गल्ली त्यांना काटेवाले आबा म्हणायची. काटा म्हणजे मीटरचा काटा. धुळ्याच्या एका कापडमिलमध्ये त्यांनी सारी उमर बॉयलरवर काढली, समोरच्या मीटरचे काटे बघत. मिल बंद पडली तेव्हा ते अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला घेऊन जळगावला आले. अक्कांचं माहेर इथलं. घराची पुढची खोली त्यांनी मला दुकानाला दिली. ही नव्वदच्या आगेमागची गोष्ट.

माझं दुकान पत्र्याचं. धान्याच्या कोठ्या, कूलर, पन्हाळी, डबे. मी शाळा शिकलो दुसरीपर्यंत, तीही अर्धी. पण माझ्या कोठीत पोरकिडा शिरला असं सांगणारा माणूस पहूरपासून चोपड्यापर्यंत शोधून दाखवा. पत्रा मोजायला मी पट्टी वापरत नसे. वीत आणि चार बोटं, एवढी मापं मला देवाने हाताबरोबरच दिली आहेत. आबांचं आणि माझं वाजलं ते इथेच.

पहिल्याच आठवड्यात ते दुकानात येऊन उभे राहिले. मी कोठीचं बूड कापत होतो. त्यांनी विचारलं, "मिस्तरी, किती व्यास?"

मी म्हटलं, "अंदाजे दीड हात."

त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. खरंच ठेवले. म्हणाले, "अंदाज नको. आकडा सांग."

हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं, की माझ्या स्वप्नातही पत्रा कापताना मागून ते यायचं.

खिशाला लोक पेन लावतात. आबांच्या खिशाला थर्मामीटर असायचं, काचेचं, लाकडी म्यानातलं. अक्कांनी चहा दिला की ते आधी चहात बुडायचं. बासष्टला चहा प्यायचा. सत्तर असला तर थांबायचं, पंचावन्न झाला तर परत पाठवायचा. अक्का एकदा दारातून म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, माझा एक चहा काही पास झाला नाही यांच्या परीक्षेत." आबा शांतपणे म्हणाले, "परवाचा झाला होता. एकसष्ट. मी बोललो नाही."

आंघोळीचं पाणी चाळीस. ओट्यावरची फरशी दुपारी अठ्ठावन्न. दारातल्या कडुलिंबाच्या सावलीत उन्हापेक्षा किती कमी, हे तर ते येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगायचे. पेपरात छापलेला आकडा त्यांच्या पाटीपेक्षा कमी निघाला, की म्हणायचे, "पेपरवाले सावलीत बसतात. त्यांचा दोष नाही."

एकदा त्यांनी ते थर्मामीटर माझ्या कूलरसमोर धरलं. मी विकायला बाहेर मांडलेला, नवाकोरा कूलर. धरून उभे राहिले पाच मिनिटं. मग म्हणाले, "अकरा डिग्री उतरवतो तुझा. बारा उतरवायला पाहिजे."

मी म्हटलं, "आबा, माझ्या कूलरसमोर लोकं पांघरूण घेऊन झोपतात."

"कोणतं पांघरूण? जाड की पातळ?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते जेवायला गेलेले बघून मी कूलर उघडला. गवताच्या जाळीवर पाणी एका बाजूला जास्त पडत होतं. नळी सरळ केली, भोकं मोकळी केली. संध्याकाळी आबांनी पुन्हा थर्मामीटर धरलं. दुसऱ्या दिवशी पाटीवर दुपारच्या आकड्याखाली लिहिलेलं होतं: मिस्तरींचा कूलर, बारा. त्या उन्हाळ्यात मला पत्रा पुरला नाही. मी त्यांना काही म्हटलं नाही, तेही काही बोलले नाहीत. दोघांचाही स्वभाव तसलाच.

त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती, मेणबत्त्या वितळून चिकटाव्यात तशी. कसं झालं हे त्यांनी मला फक्त एकदा सांगितलं, तेही मी विचारल्यावर. "आठ दिवस मीटर बंद होतं. वरून हुकूम आला, अंदाजाने चालव. चालवलं." एवढंच. हुकूम कोणी दिला ते सांगितलं नाही. नंतर ते चिकटलेल्या बोटांनीच पाटी पुसायला लागले.

आता ड्रमचं सांगतो.

आमच्याकडे हिवाळा लागला की भरिताची पंगत होते, हे खानदेशात जन्मलेल्याला शिकवायला नको. फैजपूरकडची हिरवी, दांडगी वांगी आणायची, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची, सोलून बडजीत, म्हणजे लाकडाच्या खोल काठवटीत, मिरची-लसणासोबत ठेचायची, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. भाजणं हे त्यातलं खरं कसब. काड्यांची आग भसकन पेटते आणि भसकन बसते. भाजणारा डोळे चोळत, वांगी उलटीपालटी करत, धुरात उभा असतो. कोणी विचारत नाही किती तापलंय. हाताला कळतं.

आबांना हेच खुपायचं. "अर्धं वांगं करपतं, अर्धं कच्चं. चांगला धूर सगळा आभाळात. आणि याला तुम्ही कला म्हणता."

मिल बंद झाली तेव्हा भंगारातून त्यांनी एक गोल मीटर आणि काही तारा आणल्या होत्या. ट्रंकेत फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. त्यांनी ते मला दाखवलं तेव्हा बाप लेकाची पत्रिका दाखवतो तसं दाखवलं. एका तारेत दोन बारीक तारा, वेगवेगळ्या धातूंच्या, आणि टोकाशी दोन्ही वितळवून एक केलेल्या. ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. ती गाठ तापली, की दुसऱ्या टोकाला मीटरचा काटा हलतो. वीज नाही, सेल नाही.

मी म्हटलं, "मग हलवतं कोण त्याला?"

"गरमी हलवते. गाठ धरून बघ."

मी गाठ चिमटीत धरली. काटा केसभर सरकला. मी लगेच सोडून दिली. आबा पहिल्यांदा माझ्यासमोर हसले.

त्यांचा बेत असा. दोनशे लिटरचा तेलाचा ड्रम घ्यायचा. खाली दार, त्यात काड्या. मध्ये जाळी, जाळीवर वांगी. वर झाकण आणि धुराडं. धूर आत कोंडायचा, वांग्यांना चहूबाजूंनी सारखी आच. एक तार खाली आगीपाशी, एक वर जाळीपाशी वांग्यांच्या शेजारी. मीटर लांब ओट्यावर, आबा खुर्चीत. धुरात उभं राहायचं नाही, झाकण उघडायचं नाही. काटा सांगेल.

त्यांनी आधी स्वतःच करून बघितलं. तार झाकणाखालून बाहेर काढली. झाकण नीट बसेना, फटीतून धूर ओट्यावर, आणि झाकणाच्या धारेने तारेचं वरचं विणलेलं आवरण कापलं गेलं. मग माझ्याकडे आले. "मिस्तरी, ड्रमला दोन भोकं पाडून दे. तार आत गेली पाहिजे, धूर बाहेर आला नाही पाहिजे."

मी म्हटलं, "आबा, मी उमरभर भोकं बुजवली. आता मलेच पाडायला सांगून राहिले?"

"म्हणून तर तुला सांगतो. भोक काय असतं हे तुला ठाऊक आहे."

या माणसाला कौतुक करता येत नव्हतं असं कोणी म्हणू नये. फार उशिरा आणि आडून करायचे, एवढंच.

भोक पाडणं सोपं. पण तापलेल्या पत्र्याची धार तारेला कापते, आणि भोवती मोकळी जागा राहिली तर धूर निघतो. मी दोन दिवस विचार केला. मग आठवलं, जुन्या घरात भिंतीतून विजेची वायर नेताना चिनी मातीची नळी बसवायचे. भंगारवाल्याकडे तसल्या नळ्या डझनाने पडलेल्या. दोन आणल्या. ड्रमला बाहेरून पत्र्याची कॉलर रिव्हेटने बसवली, कॉलरीत नळी, नळीभोवती चिकणमाती आणि राख कालवून दाबून भरली. तार नळीतून आत. नळीला धार नाही, आचेची भीती नाही. बघा, दुसरी शिकलेल्याचं डोकं. आबांनी ड्रममध्ये ओली काडी पेटवून धूर केला आणि दोन्ही कॉलरींपाशी गाल नेऊन बसले. उठले, म्हणाले, "शून्य." त्यांच्या तोंडून ही मोठी पदवी.

खालची तार सहज गेली. वरची ओवायच्या वेळी आबा झोपायला गेले होते. एक ते दीड, घड्याळ लावून झोपायचे. वरची नळी जरा अरुंद निघाली आणि तारेच्या टोकाची ती गाठ नळीत अडकली. शहाण्या माणसाने नळी बदलली असती. मी पक्कड घेतली आणि ओढली. गाठ तुटली. दोन बारीक तारा दोन दिशांना.

आता मी काय करणार? पत्र्याच्या माणसाचा हात अशा वेळी एकाच जागी जातो. आयुष्यात जे जे उकललं, ते ते मी कथलाने झाळून बंद केलं आहे. बादली, समई, हौदाची पन्हाळ. झाळायची डागणी तापलेलीच होती. नवसागर लावला, कथलाचा थेंब सोडला, दोन तारा एक झाल्या. मूळ गाठीपेक्षा सुबक, चमकणारी. चिमटीत धरली. काटा हलला. मी काजळी फासून चमक घालवली, तार ओवली आणि आबा उठून आले तेव्हा विडी पीत बसलो होतो.

सांगायला काय झालं होतं? काही नाही. पण माझ्या हातून काही तुटलं, हे वाक्य मी तोवर कोणासमोर बोललो नव्हतो. आणि जोडलं तर होतंच की. काटा हलत होता.

चाचणी झाली. थोड्या काड्या, चार वांगी, काटा दीडशेपर्यंत चढला. वेळ लागला, पण वांगी मऊ झाली, चारी बाजूंनी सारखी. आबांनी वहीत लिहून घेतलं. म्हणाले, "मोठ्या घाण्याला सव्वादोनशे धरायचं." आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याला पत्र टाकलं.

ते पत्र मिलच्या मुकादमाला होतं. मिल बंद पडल्यापासून दोघांची भेट नव्हती. अक्का मला हळूच म्हणाल्या, "मिस्तरी, भरीत चांगलं झालं पाहिजे बरं. हात भाजल्यापासून यांनी त्या माणसाला एकदाही घरी बोलावलं नव्हतं." तेव्हा मला कळलं, अंदाजाने चालव म्हणणारा कोण होता. आबांना त्याला शब्दाने काही सुनवायचं नव्हतं. त्याच्या ताटात वाढायचं होतं, काट्याने भाजलेलं.

रविवारी सकाळच्या एसटीने मुकादम आले. मोठं पोट, मोठा आवाज, बोलणं सगळं धुळ्याकडचं, अहिराणी. वाईट माणूस नव्हता हो. सोबत आबांसाठी शेवेचा पुडा आणला होता. गल्लीतली दहाबारा मंडळी पंगतीला बोलावलेली. मागच्या अंगणात ड्रम उभा, ओट्यावर मीटर, मीटरसमोर आबा इस्त्रीच्या शर्टात.

चाळीस वांगी जाळीवर मांडली. झाकण लावलं. काटा चढायला लागला. शंभर, सव्वाशे, दीडशे. आबा मोठ्याने आकडे सांगत होते आणि मुकादम हसून मान हलवत होते. एकशे ऐंशी. आणि मग काटा जरा थरथरला आणि सरळ खाली येऊन पडला.

आबांनी बटण फिरवून खालची तार बघितली. आगीचा आकडा जोरात. पुन्हा वरची. काटा तळाला. बॉयलरवाला माणूस. त्यांनी तसाच विचार केला. म्हणाले, "आग आहे, पण गरमी वर चढत नाही. धुराडं अडलंय. मिस्तरी, धुराडं उघड पूर्ण. काड्या टाक अजून."

मी ड्रमजवळ उभा होतो. माझ्या तोंडावर आच येत होती, भट्टीपुढे यावी तशी. वरचा पत्रा निळा पडायला लागला होता. पत्रा निळा कधी पडतो हे मला विचारा. मी म्हटलं, "आबा, ड्रम पेटून राहिलाय. वर खूप तापलंय."

"किती?"

"खूप."

"अंदाज नको, मिस्तरी. काटा खाली आहे."

आणि त्या क्षणी मला समजलं. कथील. कथील किती आचेला वितळतं हे मला आकड्याने ठाऊक नव्हतं, पण माझ्या डागणीवर ते रोज वितळत होतं. आत माझी झाळ थेंब होऊन गळून गेली होती, आणि दोन तारा पुन्हा दोन दिशांना झाल्या होत्या. तोंड उघडून एवढंच सांगायचं होतं. समोर दहाबारा माणसं, सगळी माझी गिऱ्हाइकं. मी वाकून काड्या टाकल्या.

मुकादम नाक वर करून म्हणाले, "आबा, आते तरी झाकण उघाड. वास येई राहिना."

आबांचा आवाज चढला. ते चिडले की मिलची बोली बाहेर यायची. "तू गप बस. काटा खाले शे."

"काटाले इचारीसन कोणी जेवस का?"

लोक हसले. आबा हसले नाहीत. बसून राहिले काट्याकडे बघत. शेवटी अक्काच आल्या, पदराने झाकण धरलं आणि उचललं. आत चाळीस काळे गोळे. हात लावला तर राख. मुकादमांनी आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "बठ्ठा कोयसा व्हई गया." टोचून नाही म्हणाले, हळहळून म्हणाले. ते जास्त लागलं.

अक्कांनी पिठलं टाकलं. सगळे जेवले, गप्पाही झाल्या. मुकादम निघताना आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी सांगू आबा, थोडा अंदाज लागसच." आबांनी त्यांना बसस्टँडपर्यंत पोचवलं. परत आले आणि मीटर फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी कोरी होती.

तिसऱ्या दिवशीही. लोक सायकल थांबवायचे, कोऱ्या पाटीकडे बघायचे, मग दुकानात बघायचे, जसं काही आकडा मी लपवला आहे. दूधवाला आबांना म्हणाला, "आबा, आज किती?" आबा ओट्यावर शाल घेऊन बसले होते. म्हणाले, "थंडी आहे. बरीच."

बरीच. मी आत पत्र्यावर हातोडी मारत होतो, ती थांबली. या माणसाच्या तोंडून बरीच हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. अक्कांनी चहा आणून दिला तर तसाच पिऊन टाकला, थर्मामीटर न बुडवता. अक्का आत जाताना माझ्या दाराशी थांबल्या. "कडकडीत होता हो चहा. जीभ भाजली असेल. पण बोलले नाहीत."

असे अकरा दिवस गेले. मी मोजले. आकडे मोजायची सवय मलाही लागली होती म्हणा. एवढ्या दिवसांत मी तीन कोठ्या केल्या आणि तिन्ही दोनदा उकलून पुन्हा केल्या. झाळ धरायला गेलो की तो थेंब दिसायचा.

मी हट्टी माणूस आहे. माझा बाप मला म्हणायचा, तू बैलाला सुद्धा आधी तू वळ म्हणशील. माफी मागणं मला येत नाही, अजूनही येत नाही. तोंडाने ते होणार नाही हे मला माहीत होतं. पण पाटी तर समोर टांगलेली होती.

बाराव्या दिवशी सकाळी आठला, बरोबर आकड्याच्या वेळी, मी ओट्यावर चढलो, पेन्सिल घेतली आणि लिहायला लागलो. एवढं लांब मी लग्नाच्या आधीही कधी लिहिलं नव्हतं. अक्षरं एकमेकांवर पडत होती. दूधवाला थांबला, शाळेत जाणाऱ्या बाई थांबल्या. मी कोणाकडे बघितलं नाही. लिहिलं ते असं:

आबांचा काटा खोटा नाही. तार मी तोडली. कथलाने जोडली. सांगितलं नाही. मिस्तरी.

आबा चहाचा कप घेऊन बाहेर आले. चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग कप माझ्या हातात देऊन आत गेले. मला वाटलं, आता दुकान खाली करायला सांगतील. ते परत आले तेव्हा हातात काडेपेटी होती. उघडून माझ्यासमोर धरली. आत कथलाचा एक थेंब, चपटा झालेला, काळवंडलेला.

"दुसऱ्या दिवशी राख झाडताना सापडला," ते म्हणाले.

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग बोलले का नाही?"

"ठाऊक नव्हतं. अंदाज होता." त्यांनी काडेपेटी मिटली. "अंदाजावर मी माणसाला दोष देत नसतो."

मी म्हटलं, "मग पाटी का बंद केली?"

"यंत्र का चुकलं ते कळेपर्यंत यंत्र बंद ठेवायचं. मिलमध्ये तेव्हा तसंच करायला पाहिजे होतं."

मी पाटी पुसायला फडकं उचललं. त्यांनी हात धरला, त्याच चिकटलेल्या बोटांनी. "राहू दे दुपारपर्यंत. बरोबर आकडा आहे." मग कप परत घेतला, थर्मामीटर बुडवलं आणि आत बघून हाक मारली, "अगं, एकोणपन्नास झाला. गरम करून दे."

आतून अक्का म्हणाल्या, "आले बाई, आले." त्यांचा आवाज मला वर्षाच्या सणासारखा वाटला.

तार आम्ही दोघांनी मिळून जोडली. जुन्या सेलमधली कोळशाची कांडी काढली, ट्रकची बॅटरी आणली, आणि आबांनी ठिणगी पाडून दोन्ही टोकं वितळवून एक केली. कथील नाही, कसलं बांडगूळ नाही, तोच धातू त्याच्यातच. मी भिंग लावून बघितलं. मूळ गाठीपेक्षा सुबक होती, आणि हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझी पण सुबक होती. फक्त जागा चुकली." आणि नळीही मी बदलली. रुंद बसवली.

मुकादमांना दुसरं पत्र गेलं. या वेळी आले ते जरा बिचकतच आले. मी ड्रमजवळ उभा, आबा ओट्यावर. काटा चढला. एकशे ऐंशी, दोनशे, सव्वादोनशे. तिथे आबांनी ड्रमचं खालचं दार लोटायला सांगितलं आणि काटा तिथेच उभा राहिला, पहारेकऱ्यासारखा. झाकण उघडलं तेव्हा चाळीसही वांगी सारखीच सुरकुतलेली होती आणि कपाशीच्या काडीचा असा वास सुटला, की शेजारच्या गल्लीतलं कुत्रंही येऊन बसलं. साल बोटाने ओढली की सुटत होती.

मुकादमांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा मोठा आवाज एकदम बंद झाला. जेवत राहिले. तिसरी भाकर संपली तेव्हा आबांच्या डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "आबा, त्या दिनले काटा चालू ऱ्हाता तर..."

आबांनी त्यांच्या ताटात भरीत वाढलं. "अंदाज नको करू. भाकर ले."

मुकादमांनी भाकर घेतली. पुढे ते दर हिवाळ्यात येत राहिले.

तो ड्रम कितीतरी वर्षं चालला. शेंगा, मक्याची कणसं, लाल मिरच्या, काय काय त्यात घातलं. एकदा अक्का माहेरच्या लग्नाला गेल्या असताना आम्ही दोघांनी त्यात कोंबडी टांगली. अक्का माळकरी. परत आल्यावर त्यांनी ड्रमजवळ उभं राहून एकदाच नाक ओढलं आणि म्हणाल्या, "हे काय शिजलं होतं?" आबांच्या तोंडून कधी खोटं निघालं नव्हतं. म्हणाले, "एकशे वीस डिग्रीवर, तीन तास." यापलीकडे काही सांगितलं नाही. अक्कांनी ड्रम माती लावून सात वेळा घासून घेतला, माझ्याकडून.

आबा गेले त्यालाही आता पुष्कळ दिवस झाले. किती ते मला ठाऊक आहे, पण ते पाटीवर लिहायचं नाही. अक्कांनी थर्मामीटर मला दिलं, लाकडी म्यानासकट, आणि पाटीही. पाटी आता माझ्या दुकानाच्या दारावर असते. लोकांच्या खिशात हल्ली फोन असतो आणि फोनमध्ये डिग्री असते, तरी सायकली थांबतात, स्कूटरी थांबतात. फोनवाले सावलीत बसतात, त्यांचा दोष नाही.

दोनला पाच कमी असताना मी आधी दुकानाच्या शटरवर तळहात ठेवतो आणि मनात एक आकडा धरतो. इतक्या वर्षांचा हात आहे, पत्र्याला सरावलेला. मग म्यान उघडून बघतो. कधी एकाने चुकतो, कधी दोनाने. कधी बरोबर येतो, त्या दिवशी चहा जरा गोड लागतो. पाटीवर मात्र काट्याचाच लिहितो.

काल एक जण दोन वाजायच्या आधीच आला. घाईत होता. पाय टेकवून म्हणाला, "मिस्तरी, आज किती असेल हो, अंदाजे?"

माझा हात शटरवरच होता. आकडा ओठांवर आला होता.

मी म्हटलं, "थांब भाऊ. बघून सांगतो."